दाट रेघांची घळ

— तर मंग ह्या मातकट रेघा कशाच्या, साहेब? बसा की दगडावर. घाई कशाला? नकाशाच्या कोपऱ्यावर धोंडा ठेवा, वारं लय सुटलंय. हां — एका रेघेवरची सगळी जागा सारख्या उंचीची. आन् रेघा लांब-लांब, तिथं सपाट. म्हंजे हेच, आपण बसलोय ते गायरान. इथंच माझ्या गाया चरतात आन् इथंच तुमची कंपनी सोलरचे तक्ते लावणार. ठाऊक हाय मला. रागवत नाय मी, दाखवा अजून.

आन् इथं रेघा एकमेकीला चिकटल्यात, ती आमची घळ. लय उभी. गाय धापा टाकते, पण वारं कसं खालून भरभर चढतं, दुपारी तर — जाऊ द्या. गाया? आज नाय सोडल्या. का म्हंजे — धनराज म्हणला, आज नको. माझा लेक. अंबडच्या कारखान्यातलं त्याचं काम सुटल्यापासून गुरांवरच पोट हाय आमचं. तुमच्या मोजणीच्या लाल झेंड्या बघून डोकं फिरलंय त्याचं. मी म्हणलं, बाबा, माणसाला इजा नको. तर म्हणला, आई, तू साहेबाला वरती बोलण्यात धर, बाकी मी — बाकी काय नाय हो. गवत काय, जळलं तरी पावसात परत येतं. खांब रोवल्यावर येत नाय, एवढंच म्हणत होता.

ताक घ्या, शेजारच्या कुसाबाईच्या हातचं हाय. एकटेच आलात ना? गाडीतून एकटेच उतरलात, मी बघितलं. — दोघं? दुसरे कुठं हायेत? महेश? खाली रस्त्यालाच उतरले? मंग गेले कुठं? बोट ठेवा. नकाशावर ठेवा बोट. — इथं नाय. इथं नसतील ते. ही दाट रेघांची जागा हाय साहेब, ही घळ हाय, तिथं कशाला — काय? झेंडी लावायला?

फोन लावा. नाय लागत, घळीत रेंजच नाय. ते धुकं नाय, साहेब, ह्या दिवसांत कुठलं धुकं? धनराजनं गवत पेटवलंय. झेंड्या जाळायच्या होत्या, तेवढंच. तुम्ही एकटे हाय असंच वाटलं आम्हाला. अहो साहेब — अरे लेकरा, माझ्या तोंडाकडं काय बघतो? कड्यावर जा, हाक मार त्याला. डाव्या अंगाच्या खडकावर चढ म्हणावं, तिथं गवत नाय. नकाशा उडू दे, मरू दे तो. महेश! ओ महेश! धनराज, माणूस हाय रे आत —

थांब. गप जरा.

ओ दिली का महेशनं?