मतदानाला कुठला फ्लॅट लागतो

नाव वर लिहिलं आहे, पण कामावर सगळे मावशीच म्हणतात. वय ४७, धंदा धुणंभांडी, राहणार संकुलाच्या भिंतीमागची वस्ती.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, या संकुलात मी तीन घरी काम करते. यंदा आमच्या वस्तीचं मतदान केंद्र संकुलाच्या आत, क्लबहाउसमध्ये आलं. आज मला काम नव्हतं. तिन्ही घरची माणसं मतदानाची सुट्टी शनिवार-रविवारला जोडून फिरायला गेली आहेत.

दुपारी मी आणि माझी जाऊ गेटवर गेलो. वॉचमन रोजच्या ओळखीचा. त्याने कुठल्या फ्लॅटला जायचं ते विचारलं. बाहेरच्या माणसाला सोडायचं तर फ्लॅटमधून फोनवर होकार लागतो, असा तिथला नियम आहे. मी म्हटलं, मतदानाला जायचंय. त्याने सेक्रेटरीसाहेबांना फोन लावला. नियम सगळ्यांना सारखा, असं ते म्हणाले.

वॉचमन माणूस वाईट नाही. त्याचं मत त्याच्या गावी आहे आणि त्याला आज सुट्टी नाही. तो हळूच म्हणाला, "मावशी, किल्ली आहे ना तुमच्याकडे? झाडांना पाणी घालायला आले म्हणा, सोडतो." मी नाही म्हटलं. मी मत द्यायला आले होते. खरकटं काढताना मी घरची आणि मत देताना बाहेरची, हा कुठला न्याय? हे असंच लिहा साहेब, 'रागाच्या भरात बोलली' असं लिहू नका.

जाऊ म्हणाली, एका मताने काय होणार आहे, आणि घरी गेली. मला तिचा राग आला. मी उन्हात बसून राहिले.

पाचच्या सुमारास सेक्रेटरीसाहेबांची गाडी बाहेर निघाली. काच खाली होती, ते फोनवर बोलत होते. "केंद्रावर शुकशुकाट आहे. या लोकांना मताची किंमतच नाही," असं मी माझ्या कानांनी ऐकलं. माझं डोकंच फिरलं. तुम्ही मत दिलंत का, असं मी विचारलं. वेळ मिळाला नाही, म्हणाले. क्लबहाउस त्यांच्या जिन्यासमोर आहे.

गाडीसाठी गेटचा आडवा दांडा वर झाला होता, तेव्हा मी आत शिरले. वॉचमनने गडबडीत बटण दाबलं आणि दांडा गाडीच्या टपावर आला. दांड्याला मी हात लावलेला नाही. टपाला पोचा आला, हे खरं. मी पळत सुटले. क्लबहाउसच्या पायरीवर बंदोबस्ताच्या पोलिसांनी मला धरलं आणि इथे चौकीत आणलं.

गाडीचं काय ते उद्या बघा, मी आपण होऊन येते. मतदान सहाला संपतं, आधी मला सोडा, असं आल्यापासून सांगते आहे, तेही लिहा.

वरील जबाब मला पहिल्यापासून शेवटपर्यंत सावकाश वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. वाचून झाला तेव्हा सहा वाजून गेले होते.