माहेरचा प्रोसेसर

वडूजच्या एसटीत चंद्राबाईंचा डोळा लागतोय, तोवर मागच्या सीटवर नवरा-बायकोचं जुंपलं. बायकोच्या मांडीवर कॉम्प्युटरचा डबा.

“आवं, माझ्या माहेरचा कॉम्प्युटर बरा चालत हुता की!”

“प्रोसेसरचा वेग जरा वाढीवला गं.”

“आन् बंद पाडला.”

“आडकत हुता म्हणून व्होल्टेज वाढीवलं. मग तापाय लागला.”

“मग?”

“टेबलफॅन लावला आन् वेग आणखी वाढीवला.”

“त्या वेगात काम काय केलंसा?”

“वेग किती वाढला ते मोजत हुतो. तेवढ्यात गेला.”

“आता प्रोसेसरच जळला आसंल तर?”

“तुझ्या आबांना सांग, या येळी भारीतला द्या. मग मला वेग वाढवायलाच लागायचा न्हाई.”

धप्पकन आवाज झाला. डबा नवऱ्याच्या मांडीवर गेला, हे चंद्राबाईंना मागं न वळताच कळलं.