सोनबाचं सहावं बोट

भोर संस्थानच्या वेळची गंमत सांगतो. वेल्ह्याच्या सोनबाच्या घराण्यात पायाला सहा बोटं, म्हणून तोरण्याच्या कड्यावरचा मध तेच काढायचे. सोनबा मेला. त्याचा म्हादू निघाला पाच बोटांचा. म्हणायचा, "माझ्यानं न्हाई चढवायचं." घरात चूल पेटेना.

आमच्यात माणूस गेलं की पीठ पसरून पाटीखाली झाकतात. ज्याचं पाऊल उमटेल, त्याचा जन्म गेलेल्याला मिळाला समजायचं; त्याचं स्वतःचंच उमटलं, तर तो अजून हितंच हाय म्हणायचं. म्या गुपचूप माझंच पाऊल उमटवलं आन् हाताच्या अंगठ्यानं सहावं बोट काढलं. कुणाला पत्ता न्हाई. म्हादू म्हणाला, "बाबा हितंच हायेत," आन् कडा चढला.

मध घेऊन उतरला, तो पांढराफटक.

"गणपाकाका, वर बाबा भेटले."

म्या हसू दाबलं. "काय म्हणला सोनबा?"

"म्हणले, गणपाला सांग, अंगठा लई जोरात दाबलास."