पहिला मास्क निवडताना

नाही, तो नाही, तो खाली ठेवा. ठेवा म्हटलं ना — हां. टेबलावरचा कुठलाच उचलू नका, टेबलावरचे विकायचे नाहीत, भिंतीवरचे बघा. भिंतीवरचे मी सकाळपासून एकेक करून तपासलेत. आणि पाय जरा जपून टाका, खाली काचा आहेत — झाडणारच आहे, तुम्ही गेलात की झाडतो. शटर अर्धं खाली होतं तरी वाकून आत आलात म्हणजे गरज आहे, आणि दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही हा आमच्या बाबांचा नियम. तर पहिलाच मास्क, असं म्हणालात ना? पोहायला चांगलं येतं, आता पाठीला सिलिंडर लावून खाली जायचंय. बरं. मग ऐका. रंग बघायचा नाही. सगळे आधी रंगच बघतात — हा निळा छान, तो पिवळा शोभतो — अहो, तुमचा पिवळा बघायला मासे काय रिकामे बसलेत? चेहरा बघायचा. तुमचा चेहरा आणि ही रबराची कड, दोघांचं जमलं पाहिजे, बाकी सगळं नंतर.

हा घ्या. पट्टा पुढे टाका, डोक्यामागे न्यायचा नाही. नुसता चेहऱ्याला टेकवा आणि श्वास आत ओढा — नाकाने हो, तोंडाने नाही — आता हात सोडा. पडला. पडणारच. मिशी. मिशीवर ताव मारायला ठीक आहे, पण रबर केसांवर बसत नाही, एकेका केसाखालून पाणी आत येतं. नाकाखालची बोटभर भादरावी लागेल. तोंड वाकडं करू नका, माझ्या भावाने ऐन लग्नाच्या आदल्या दिवशी भादरली होती, कोणाचा तरी नांगर खाली अडकला होता तो सोडवायला जायचं म्हणून. दुसऱ्या दिवशी नवरी मला विचारते, नवरदेव कुठाय? तो शेजारीच उभा. असा माणूस. कुठला आवाज? तो होय. मागे सिलिंडर भरायची खोली आहे, लोखंड तापतं, गार होतं, वाजतं. तुम्ही हा दुसरा लावून बघा, हा अरुंद आहे, तुमच्या गालफडांना बसेल.

चिकटला. बघा, हात सोडला तरी चिकटून आहे. डोकं हलवा. आता हसा — हसा हो, हसल्यावर गाल वर सरकतात आणि कड सुटते, म्हणून हसून बघायचं. नाही सुटला. आता बाकीची दुकानं इथेच थांबतात. चिकटला ना, मग घाला पिशवीत. मीही थांब— ते जाऊ द्या. तो काढा आणि काचेचा खालचा कोपरा बघा. उजेडात धरा. बारीक अक्षर कोरलंय, दिसलं? ते असेल तर काच टेम्पर्ड, मोबाइलवर लावतो तसली. ते नसेल तर फेकून द्यायचा, मग तो चेहऱ्यावर कितीही फुकटात, कितीही छान बसू दे. का ते दाखवतो, हातच्या काकणाला आरसा कशाला. हे शिसं बघा. कमरेला बांधायच्या पट्ट्यातलं आहे, माणूस बुडावा म्हणून वजन लागतं ना, त्याचं. डाग? गंज आहे. शिसं गंजत नाही? बरोबर आहे तुमचं, नाही गंजत. मग रंग असेल. तुमचा राहू द्या, हा दुसरा अक्षरवाला फोडतो. मागे सरका.

झालं. हे बघा, नुसते दाणे, जाड्या मिठासारखे. मुठीत घ्या, बोचतील पण चिरणार नाहीत. आता हा, बिनअक्षराचा — ऐकलात? आवाजच वेगळा. हे पातं बघा, बोटाएवढं आहे. याने दोर कापता येईल. याने माणूस कापता येईल. रक्त? माझंच असेल, हाताचं, सकाळपासून हेच करतोय. तुम्ही दचकू नका, तुमच्यावर माझा काही राग नाही.

राग कोणावर? बारक्या म्हणतात त्याला. माझा पाठचा भाऊ. चाळिशी उलटली तरी बारक्याच. हात असे की पंखा म्हणू नका, पंप म्हणू नका, मेलेलं घड्याळ चालू करेल, आणि खोड अशी की काही म्हणता काही टाकू द्यायचा नाही. गिऱ्हाइकाने परत आणलेले फुटके मास्क — त्यांची जागा कचऱ्यात. हा काय करतो, आरसेवाल्याकडून साधी खिडकीची काच कापून आणतो, कडा घासतो, रबरात बसवतो, अशी की बनवणाऱ्यालाही ओळखू येऊ नये, आणि लावतो भिंतीवर. मला सांगत नाही, कारण सांगितलं तर मी डोक्यात राख घालणार. किती लावले होते देव जाणे, सकाळपासून मी काढतोय आणि फोडतोय. सख्खा भाऊ पक्का वैरी म्हणतात, पण वैरी तरी ठरवून करतो. हा गाढव प्रेमाने करतो.

काल माझ्या मुलीची पहिली बुडी होती. तुमच्यासारखीच, पहिली. खाली काही झालं नाही, खाली मस्त होती म्हणे, एका कासवाच्या मागे लागली होती. वर आली, होडीची शिडी धरली, लाट आली आणि शिडीचा दांडा तोंडावर बसला. जोरात नाही हो. टेंगूळ यायचं, एवढंच. होडीवर बारक्या होता. त्यानेच तिला वर घेतलं. मास्क काढला तर काच मास्कमध्ये नव्हतीच. डावा डोळा ठेवता येणार नाही म्हणाले डॉक्टर, संध्याकाळी काढला. बायको तिच्या उशाशी बसलीय आणि मला तिथे बसवेना. आज उजाडल्या उजाडल्या इथे आलो. तो आधीच आत होता. म्हणतो, दादा, मी सगळे काढून टाकायला आलोय. काढून टाकायला. हा शिशाचा पट्टा इथे खिळ्याला होता, मी ओढला आणि त्याला घातला. पहिला खांद्यावर बसला. हात वर कर ना — माणूस हात तरी वर करतो — हा नुसता उभा. मग मला आणखी चेव चढला. तोंडावर दिला, पाठीवर दिला, कानामागे एक बसला तेव्हा तो गुडघ्यावर आला, आणि तरी मी देतच होतो. मग ओढत नेला मागे आणि कुलूप घातलं, कारण नजरेसमोर राहिला असता तर मी त्याला संपवला असता. बसा तुम्ही. बसा म्हणतो ना. पोलिसांचं नंतर बघू. तुम्हाला मास्क घ्यायचाय ना, मग पुरतं ऐकून घ्या.

हो, तोच आवाज. सिलिंडर गार होत नाहीये, तो ठोकतोय. तीनदा, थांबून परत तीनदा. हेही शिकून ठेवा, उपयोगी पडेल. पाण्याखाली हाक मारता येत नाही, म्हणून सिलिंडरवर काहीतरी आपटायचं. आणि ठोक ऐकली की जोडीदाराने वळायचं. काय आहे, कशाला बोलावतोय, खरंच काही आहे का, ते वळल्यावर बघायचं. बाबांनी आम्हा दोघांना एकाच दिवशी शिकवलं ते, आणि सांगितलं, वर असताना डोकी फोडा एकमेकांची, खाली ठोक ऐकली की वळायचं. तो माझा जोडीदार, मी त्याचा. एकदा आम्ही आठवडाभर बोलत नव्हतो, तरी खाली त्याने ठोकलं आणि मी वळलो, पायात जाळं अडकलं होतं त्याच्या. आज नाही वळणार. ठोक म्हणावं. हात तुटेपर्यंत ठोक.

काय म्हणालात? तिला तो मास्क कोणी दिला? भिंतीवरचाच होता. भिंतीवर त्याने लावला, म्हणून त्यानेच — कोणी निवडला म्हणजे? ती इथेच उभी होती, तुम्ही आहात तिथे. दोन-तीन लावून बघितले. हा लावला, श्वास ओढला, चिकटला. मी म्हटलं हस, ती खदखदून हसली, तरी सुटला नाही. मी म्हटलं, हाच. असा बसलेला मास्क मी दुकानात आजवर बघितला नव्हता. कोपरा कोण बघतो अशा वेळी? पोर हसत होती हो समोर. मी डोळ्यांत तेल घालून दुकान चालवतो, गिऱ्हाइकाला दहादा कोपरा दाखवतो, आणि माझ्या स्वतःच्या — तो बोलला नाही. एवढा मारला, पण ‘दादा, निवडलास तर तू’ असं नाही बोलला. बोलायला काय झालं होतं त्याला? बोलला असता तर मी तिथेच थांबलो असतो.

थांबा. जरा हलू नका, पायाखाली काच वाजतेय. ऐकू येतंय तुम्हाला? मलाही नाही. मघाशी तीनदा झालं, त्यानंतर — नंतर झालंच नाही का? मी बोलत होतो, तुम्हाला तरी आलं का ऐकू? किल्ली. किल्ली इथे टेबलावरच टाकली होती, या मास्कांच्या खाली — लागू दे हो, हाताला लागलं तर लागू दे — खाली पडली असेल, काचांत. मास्क न्या तो, तुमचाच तो, चांगला आहे, जा तुम्ही, बाहेर कोणी दिसलं तर पाठवा. जा ना. बारक्या? बारक्या, ठोक रे. एकदा ठोक. मी वळलोय.