मांगच्या फळीखाली

दारव्ह्यात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या नयनच्या दुकानी शकुबाई फवारणीचा पंप मांडीशी धरून बसली होती. तिच्या आधी नंबर होता धरणावर मासे धरणाऱ्या नागोराव भोयाचा, नि त्याच्या डोंग्यात, म्हणजे होडीत, बसवायच्या छोट्या पंपावरून नयनचं नि त्याचं बोलणं काही आवरेना.

"पाणी हा पंपच बाहेर फेकते, काका. डब्यानं उपसाची कटकट नाही. डोंग्यात कुठं बसवू?"

"मांगच्या फळीखाली."

"पाणी तिथंच जमते ना?"

"तिथंच जमे. तिथं माही बायको बसे. मी वल्हं मारो, थे पाणी उपसे."

"आता नाही येत काकू?"

"पोळ्याच्या आंधी वारली ना."

"मले माईत नव्हतं, काका."

"तुले कोण सांगन!"

शकुबाईनं पदर सावरत रस्त्याकडं तोंड फिरवलं. कान मात्र आतच.

"मंग आता मांगं कोण बसते?"

"कोणीच नाही."

"म्हणजे मांगचं टोक उचलत असन. पाणी तुमच्याच पायाशी येत असन."

"येते. घोट्यावर येते."

"मंग पंप तिथंच पाहिजे. मांगं कोरडा फिरन अन् जळून जाईन."

"मांगंच बसव."

"पाणीच नाही ना तिथं, काका!"

"येईन. एक गोटा पाहून ठेवला म्या, तो ठेवीन फळीवर."

"वजन बराबर पाहिजे पण."

"उचलून पाह्यला. दवाखान्यात नेतानी उचललं होतं तिले. तेवढाच भरते."