एकतीस नावांची यादी

भाची: वाचून झालं का, आत्या? उद्या शाळा भरायच्या आत ते पत्र मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवायचंय.

आत्या: झालं. शुद्धलेखन छान आहे. चौतीस वर्षं गणित शिकवलं, पण एका वर्गातल्या एकतीस मुलांनी एका दमात कॉपी केल्याचं पत्र आजच वाचलं.

भाची: मग काय म्हणू? एक छेद तीन अधिक एक छेद चार. एकतीस जणांचं उत्तर दोन छेद चार. चूक, आणि सगळ्यांची तीच चूक. चाळिसांतल्या एकतिसांना काय एकच स्वप्न पडलं?

आत्या: पत्र गेलं तर काय होईल?

भाची: पेपर रद्द. पालकांना बोलावणं. मला आवडतंय असं नाही. पण नोकरीचं पहिलंच वर्ष आहे, आत्ता डोळेझाक केली तर सहावीचा वर्ग डोक्यावर बसेल माझ्या.

आत्या: पत्राखालच्या यादीतलं शेवटचं नाव वेगळ्या शाईत का आहे?

भाची: ती पाय प्लास्टरमध्ये असलेली मुलगी. तिचा पेपर दोन दिवसांनी घेतला. स्टाफरूममध्ये, माझ्यासमोर.

आत्या: एकटीचा?

भाची: एकटीचा.

आत्या: मग तिनं कोणाचं बघून लिहिलं? तुझं?

भाची: आधी कोणीतरी सांगितलं असेल तिला.

आत्या: पाय मोडलेल्या मैत्रिणीला मुद्दाम चुकीचं उत्तर कळवलं. बरंच वैर दिसतंय सहावीत.

भाची: थट्टा करू नकोस ना.

आत्या: नाही करत. अपूर्णांकांची बेरीज शिकवलीस कशी, ते सांग. पहिल्या मिनिटापासून.

भाची: तो तर माझा वर्षातला सगळ्यात चांगला तास होता. मी काही सांगितलंच नाही. प्रत्येकाला कागद दिला. दुमडा, रंगवा, जोडा, काय दिसतं ते तुम्हीच शोधा. अर्धा अधिक पाव. पाव अधिक एक अष्टमांश. अर्धा अधिक एक अष्टमांश. शेवटी एका मुलीनं उभं राहून स्वतःहून नियम सांगितला. सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. मी तो चौकट करून फळ्यावर लिहिला.

आत्या: काय नियम?

भाची: दोन्हींतला मोठा छेद तोच उत्तराचा छेद.

आत्या: हं.

भाची: पाव आणि अर्ध्याला लागू पडतोच की तो.

आत्या: पडतो. कागद दुमडून तिसरा भाग कोणी केला होता?

भाची: तिसरा भाग सरळ दुमडता येत नाही, म्हणून मी ते घेतलंच नाही. अर्धा, पाव, अष्टमांश एवढेच...

आत्या: बोल ना.

भाची: एवढेच घेतले.

आत्या: आता मी तुझी विद्यार्थिनी. एक छेद तीन अधिक एक छेद चार. चौकटीत बाई म्हणाल्या, मोठा छेद ठेवा. ठेवला, चार. पाव आहे तसाच राहिला. आता तीनवाला. चारात तीन किती वेळा जातो? एकदा. एक गुणिले एक, एक. एक नि एक दोन. दोन छेद चार. झालं, बाई.

भाची: अगं आई गं.

आत्या: त्यांनी एकमेकांचं नाही बघितलं. फळ्याकडे बघितलं. तू शिकवलंस ते एकतीस जणांनी तंतोतंत केलं. असा लक्ष देणारा वर्ग मला फार थोड्या वेळा मिळाला.

भाची: आणि बरोबर आलेले?

आत्या: किती आहेत?

भाची: चार. बाकीच्या पाच जणांनी कोरं सोडलंय.

आत्या: त्या चौघांना घरी कोणीतरी बसून शिकवत असेल. उरलेल्यांना फक्त तू आहेस.

भाची: पण सगळं आपणच सांगायचं तर मुलांनी डोकं कधी चालवायचं? मला घोकंपट्टी नकोय.

आत्या: मलाही नको होती. पण डोकं चालवायला आत काहीतरी घातलेलं असावं लागतं, आणि ते घालण्याचा पगार आपण घेतो. कागद दुमडू दे की खुशाल. पण नियम त्यांच्या नशिबावर सोडू नकोस. ऊठ. त्या कॅलेंडरच्या पाठीवर लिही. मी सहावीतली, आणि जरा मठ्ठ.

भाची: एक छेद तीन अधिक एक छेद चार. समान छेद बारा, म्हणून...

आत्या: बारा कुठून आले?

भाची: तीन आणि चार दोघांच्याही पाढ्यात येतो तो.

आत्या: मग ते मोठ्यानं म्हण. तुझ्या डोक्यात पटकन होतं ते मला दिसत नाही.

भाची: तीनचा पाढा. तीन, सहा, नऊ, बारा. चारचा पाढा. चार, आठ, बारा. दोन्हींत पहिला भेटलेला बारा. छेदाला चारनं गुणलं, म्हणून अंशालाही चारनं. चार छेद बारा. दुसरीकडे दोन्हींना तीननं. तीन छेद बारा. बेरीज सात छेद बारा.

आत्या: आता कळलं. अशी तीन तू कर, एकही पायरी न गाळता. पुढची तीन सगळ्यांनी मिळून, पायरी तू विचारायची, उत्तर वर्गानं द्यायचं. मग पाट्या काढायला लाव. एकेकट्यानं सोडवायचं नि एकदम वर धरायचं. चाळीस पाट्या एका नजरेत दिसतात. परीक्षेपर्यंत थांबलीस म्हणून हे पत्र लिहावं लागलं.

भाची: आणि अर्धा-पाव?

आत्या: तेही मध्येच टाक. नाहीतर उद्यापासून दिसले दोन छेद की टाक गुणून, असा नवा नियम काढतील. हुशार आहेत.

(दुसऱ्या दिवशी, शाळा सुटल्यावर. आत्याचं घर.)

आत्या: चपला तरी काढ. बोल.

भाची: आधी चौकटीतला नियम पुन्हा लिहिला आणि सांगितलं, हा अर्धवट आहे, आणि चूक माझी आहे. तो शोधणारी मुलगी खाली मान घालून बसली होती. तिला म्हटलं, तुझ्यासमोर जेवढे कागद होते तेवढ्यांना तुझा नियम बरोबर होता. वेगळे कागद मी ठेवलेच नाहीत.

आत्या: मग?

भाची: मग तिनंच विचारलं, बाई, तो कुठे चालतो आणि कुठे नाही, हे आधीच कसं ओळखायचं?

आत्या: बघ. चाललं डोकं.

भाची: शेवटच्या उदाहरणाला छत्तीस पाट्या बरोबर.

आत्या: आणि चार?

भाची: दोघांचा सातचा पाढा कच्चा आहे. दोघं छेदाला गुणतात आणि अंशाला विसरतात. उद्या पहिली दहा मिनिटं त्यांच्या बाकापाशी.

आत्या: काल नावं सांगत आली होतीस. आज चुका सांगतेयस. पत्राचं काय केलंस? फाडलंस?

भाची: नाही. यादी आयतीच होती. खाली कोरं सोडणाऱ्या पाच जणांची नावं घातली, आणि ज्याला जमलं त्याच्या पुढे खूण करत गेले. आधीच बरोबर आलेले चौघं यादीत नव्हतेच, म्हणून बत्तीस खुणा झाल्या. चार राहिलेत.