सरळ रेघेचा सत्कार

सन्माननीय अध्यक्ष, आपल्या वैद्यकीय महाविद्यालयाचे संचालक महोदय. प्रमुख पाहुणे, संस्थेचे ज्येष्ठ विश्वस्त. ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो ते आमच्या प्रयोगशाळेचे पर्यवेक्षक आणि त्यांच्या घरची मंडळी. सहकारी, विद्यार्थी, आणि हे सगळं कधी संपतंय याची वाट पाहत दाराशी उभे असलेले, खुर्च्या उचलायची जबाबदारी असलेले मित्र,

मघाशी संचालकांनी कानात सांगितलं, "गुणगौरव करा, तास घेऊ नका." आज्ञा शिरसावंद्य. पण पर्यवेक्षकांचा ज्या गुणासाठी आज गौरव होतोय, तो गुण चेतासंस्थेतला आहे. तेव्हा थोडा तास होणार. हजेरी घेत नाही, एवढी सवलत.

मेंदूतून बारा आणि पाठीच्या कण्यातल्या मेरुरज्जूतून एकतीस, अशा चेतातंतूंच्या त्रेचाळीस जोड्या निघतात आणि बोटांच्या टोकांपर्यंत पोचतात. ही परिघीय चेतासंस्था. हात हलवायचा तर मेंदू हुकूम देतो आणि हात हलतो. पण हृदय, आतडी, घामाच्या ग्रंथी? त्यांचं काम स्वायत्त चेतासंस्था परस्पर बघते. मेंदूच्या वरच्या मजल्याची परवानगी मागायला ती कधी गेली आहे का? आपल्या जठराला आजवर कोणी परिपत्रक पाठवलं आहे का? तरी ते वेळेवर कामाला लागतं. आणि परिपत्रकं निघतात त्या ठिकाणी काय होतं, हे मी सांगायला नको.

आमचे पर्यवेक्षक म्हणजे या महाविद्यालयाची स्वायत्त संस्था. एकतीस वर्षं बेडकांपासून बॅटरीपर्यंत सगळं वेळेवर आलं, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. लक्षात आलं ते गेल्या वर्षी, प्रश्नपत्रिका फुटली तेव्हा.

फुटली म्हणजे काय झालं? परीक्षेच्या आदल्या दिवशी वसतिगृहात एक प्रश्न फिरत होता. 'स्वायत्त चेतासंस्थेची रचना व कार्य आकृतीसह लिहा.' आणि तोच आला! हाहाकार झाला. हा प्रश्न गेली अकरा वर्षं वर्षाआड येतोय आणि गेल्या वर्षी त्याची पाळी होती, हे सांगायला एक विद्यार्थी आला होता. त्याला उद्धटपणाबद्दल समज देण्यात आली. चौकशी समिती नेमली गेली. समितीला गुन्हेगार हवा होता, म्हणून तिने यंत्र आणलं.

कुठून? माझ्या प्रयोगशाळेतून. नाडी, श्वास आणि तळहाताचा घाम मोजणारं, विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकाचं यंत्र. हे यंत्र खोटं पकडतं, असं समितीत ठरलं. समितीत कोण होतं? चार प्राध्यापक. चौघेही दरवर्षी वर्गात सांगतात की मणक्यांच्या दोन्ही अंगांना गाठींच्या दोन साखळ्या असतात, भीती वाटली की तिथून संदेश निघतो, हाताच्या चेतातंतूंमधून तळव्यात उतरतो आणि घाम फुटतो. घामाच्या ग्रंथीला कारण कळत नाही. वाघ दिसला काय, संचालक दिसले काय, तिला एकच. हे पाठ असलेले चार जण एका टेबलाशी बसले आणि हे विसरले. समितीत बसण्याची खुर्चीच तशी असते.

त्या चौघांपैकी यंत्र कोणी चालवलं? मी.

प्रश्नपत्रिका ज्यांनी टंकल्या त्या आमच्या टायपिस्टबाई पहिल्या आल्या. बोटांना पट्ट्या लावल्या. पहिला प्रश्न अगदी साधा. "आपलं नाव?" बाईंनी नाव सांगितलं आणि यंत्राची घामाची रेघ कागदाच्या बाहेर गेली. एक सदस्य गंभीरपणे म्हणाले, "यांचं खरं नाव काय आहे, ते तपासावं लागेल." हसू नका, हे इतिवृत्तात आहे. बाई म्हणाल्या, "अहो सर, माझे हात लहानपणापासून असेच ओले असतात. शाळेत वहीची पानं फुगायची. कीबोर्डशेजारी मी रुमाल ठेवते, तुम्ही रोज बघता की!" मी रोज बघत होतो. तरी मी लिहिलं, 'प्रतिसाद संशयास्पद.'

मग आले पर्यवेक्षक. प्रश्नपत्रिकांच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडे. त्यांना आम्ही 'स्थितप्रज्ञ' म्हणतो. आवाज चढलेला कुणी ऐकला नाही. खुर्चीतून उठताना टेबल धरून क्षणभर थांबतात, तेसुद्धा आम्ही भारदस्तपणात जमा केलं होतं. त्यांना उलटसुलट वीस प्रश्न विचारले. रेघ सरळ! पट्टीने आखल्यासारखी! संचालकांनी तो कागद चौकटीत बसवून कार्यालयात लावला. खाली लिहिलं, 'सचोटीचा आलेख.' त्याच सचोटीबद्दल आजचं हे मानपत्र.

बाईंना निलंबनाचं पत्र मिळालं. पाच महिने त्या घरी आहेत. त्यांच्या सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतात, "यंत्र कशाला हो खोटं बोलेल?" विश्वस्त महोदय, उद्या सकाळी दहाला आपल्यासमोर त्यांच्या बडतर्फीचा ठराव येतोय.

आता गौरवाकडे वळतो. महिन्यापूर्वी पर्यवेक्षक माझ्या खोलीत आले. दार लावलं. म्हणाले, "सर, एक विचारू का? रागावणार नाही ना?"

"विचारा."

"त्या दिवशी माझी रेघ सरळ का आली?"

"तुम्ही शांत होतात म्हणून."

"छे हो! आतून पार हादरलो होतो. नोकरीचं शेवटचं वर्ष, पेन्शन, मुलीचं लग्न, सगळं डोळ्यांपुढे नाचत होतं. नाचत नव्हती ती फक्त रेघ."

मला पहिल्यांदा घाम फुटला तो तिथे. त्यांना टेबलावर झोपवलं, रक्तदाब घेतला. उभं केलं, पुन्हा घेतला. धाडकन खाली, आणि नाडी मात्र जागची हलेना. दीर्घ श्वास घ्यायला लावले. श्वासाबरोबर नाडीने जरा वरखाली व्हायला हवं, होईना. पावलं कोरडी ठणठणीत. वहिनींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "जेवायला बसले की कपाळावरून घाम गळतो, बाकी अंग सुकं. मी म्हणते, जेवायचेच तेवढे कष्ट पडतात यांना."

सव्वीस वर्षांच्या मधुमेहाने त्यांचे स्वायत्त चेतातंतू झिजवले आहेत. कवटीतून निघून हृदय, फुप्फुसं, आतड्यांपर्यंत भटकणारा दहावा चेतातंतू, तोही थकला आहे. भीती वाटते, पण तिचा निरोप तळहातापर्यंत पोचत नाही. अशा माणसाला हृदयविकाराचा झटका आला तरी छातीत न दुखता येऊ शकतो. म्हणजे संचालक महोदय, आपल्या भिंतीवर टांगलेला आहे तो एका आजाराचा आलेख. रोज त्याखाली बसून आपण इतरांना आदर्श दाखवत होतात.

खाजगी गोष्ट चारचौघांत कशी सांगतो, असं वाटेल. ही यांची अट आहे. म्हणाले, "सर, हे भाषणात सांगणार असाल तर मी समारंभाला येतो. नाहीतर मानपत्र टपालाने पाठवा. माझं दुखणं प्रामाणिक ठरलं आणि त्या पोरीचे ओले हात चोर ठरले. हे घेऊन मी घरी कसा जाऊ?" मित्रहो, सचोटी तपासायला मला आयुष्यात एवढं एकच वाक्य पुरलं. त्याला पट्ट्या लावाव्या लागल्या नाहीत.

मंचावरच्या मान्यवरांनी कृपया आपापले तळहात पाहावेत. ओले आहेत? असणारच. आपल्यापैकी कुणीही प्रश्नपत्रिका फोडलेली नाही, हे मी शपथेवर सांगतो.

टायपिस्टबाईंना आवारात यायला बंदी आहे. तरी त्या शेवटच्या रांगेत, पर्यवेक्षकांच्या घरच्यांत बसल्या आहेत. फाटकावर यांनी 'माझी भाची' असं सांगितलं. खोटं बोलताना रेघ सरळच राहिली असणार. पहारेकरी दादांना यात गोवू नये.

समितीच्या अहवालावर माझी सही आहे. ती मी मागे घेत आहे, असं पत्र मघाशी विश्वस्त महोदयांच्या हाती दिलं. त्यासोबत पर्यवेक्षकांच्या तपासण्यांचे कागद आहेत आणि अकरा वर्षांच्या प्रश्नपत्रिकाही आहेत. उद्या दहाला मी दाराबाहेर बाकावर बसलेला असेन. बोलावलंत तर आत येईन, नाही बोलावलंत तरी येईन.

आयोजकांचे, ध्वनिक्षेपक बंद करायचा मोह आवरणाऱ्या तंत्रज्ञांचे आणि घड्याळ न दाखवणाऱ्या अध्यक्षांचे आभार. पर्यवेक्षक, उद्यापासून गोळ्या वेळेवर घ्या, उठताना सावकाश उठा, आणि आम्ही त्याला भारदस्तपणा म्हणू नये याकडे लक्ष ठेवा.

शेवटी सभेची क्षमा मागायची पद्धत आहे. सभेचा मी काही अपराध केलेला नाही. ज्यांचा केला त्या शेवटच्या रांगेत आहेत. बाई, तुमचे हात मी रोज पाहत होतो, आणि तरी लिहिलं. चूक माझी होती. मला क्षमा करा.